साखरबाई

सचिवांच्या कार्यालयात तिला सगळे साखरबाई म्हणत. परदेशी पाहुणे कितीही कडू बोलले तरी ही दुभाषी ते गोड करून सांगायची आणि करार जुळायचे. तिला त्याचा अभिमानही होता.

आज समोर खाण कंपनीचा गोरा वकील बसला होता. त्याला एकच कलम हवं होतं: चालू खटल्यांसकट कंपनीचा कुठलाही वाद इथल्या कोर्टात चालणार नाही, त्याच्या देशातले लवाद तो मिटवतील. आणि खाणीच्या गाळाने नासलेल्या विहिरींचा खटला होता साखरबाईच्या थोरल्या बहिणीपुढे. ताई न्यायाधीश होती. निकाल तोंडावर आला होता आणि या करारावर सही झाली की खटलाच तिच्या हातून जाणार होता.

“विचारा त्यांना, आमचं कोर्ट का नको?” सचिव म्हणाले.

वकील खांदे उडवत बोलला. एरवी साखरबाईने सांगितलं असतं, ‘निकालाला उशीर होतो अशी त्यांना काळजी वाटते, साहेब.’ आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ते म्हणतात, तुम्ही लोक अजून सुधारलेले नाही. काळ्या न्यायाधीशाच्या हाती आमचा पैसा देणार नाही.”

आता साहेब उसळणार, याची तिला खात्री होती. मागच्या वर्षी शेजारच्या देशातले, आपल्याच रंगाचे व्यापारी शीतगृह बांधायला आले होते. त्यांनी हेच कलम मागितलं, तेव्हा साहेबांनी टेबलावर हात आपटला होता. “आमच्या कोर्टावर विश्वास नसेल तर चालू लागा.” तेही तिनेच साखर घालून त्यांना सांगितलं होतं.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला.

“त्यांची भाषा कळते हो मला. तिच्याच जोरावर तर इथवर आलोय. दुभाषी ठेवायचा तो रिवाज म्हणून. गोरे लोक तोंडाचे फटकळ, पण पैसा त्यांच्याकडेच असतो. आणा तो कागद.”

म्हणजे इतकी वर्षं गोऱ्यांच्या बोलण्यात ती साखर घालत होती, ती फक्त स्वतःच्याच कानांसाठी. तिला साहेबांची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

ती व्हरांड्यात येते तोच ताईचा फोन वाजला.

“काय झालं गं?”

‘अजून बोलणी चालू आहेत’ हे वाक्य सवयीने जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

“सही झाली, ताई. आपल्याच माणसाने केली. सगळं नीट ऐकून केली.”