मीठ आणि मूठ यांच्यामधला कोरा खिळा

“मीराबाई, ते पुस्तक वापस येऊन राह्यलं म्हणे! त्यातलं वाचून एका लेकराले मीठ पाजलं, अन् मंग ते लेकरू...”

एवढ्यात मालक बापूरावांनी छपाईच्या मशीनवर पाय दिला आणि सगळा छापखाना खडखडायला लागला. नानाजी बायंडरचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द मात्र येईना. मी माझ्या खणात कान टवकारून बसलो होतो. अर्धी बातमी म्हणजे अर्धा घास. ना गिळता येतो ना थुंकता.

मशीन थांबल्यावर मीराबाईनं विचारलं, “मंग ते लेकरू काय, नानाजी?”

“मले का माहीत? कंडक्टर सांगून राह्यला होता, अन् मोटार सुटली ना.”

तर मी क्वाड बोलतोय. क्वाड म्हणजे छापखान्यातला कोरा खिळा. बाकीच्या खिळ्यांच्या डोक्यावर अक्षर असतं, माझ्या डोक्यावर काही नाही. उंचीनंही मी त्यांच्याहून बुटका, म्हणून शाई मला लागत नाही. मजकूर अर्ध्या ओळीत संपला की उरलेली जागा धरून ठेवायला मला उभं करतात. छापून काय येतं? काहीच येत नाही. ते काहीच न येणं, तीच माझी चाकरी.

माझा जन्म नागपूरचा. तिथल्या एका कारखान्यात शिसं वितळवून साच्यात ओतलं, त्यातून मी निघालो. त्याच कढईतून ‘म’ अक्षराचे खिळेही निघाले, म्हणून ते माझे सख्खे भाऊ. कागदाच्या पुडीत बांधून आम्हाला चंद्रपूरला आणलं, जटपुरा गेटाच्या आतल्या गल्लीत, बापूरावांच्या छापखान्यात. तिथं खणाखणांची एक लाकडी पेटी असते, तिला केस म्हणतात. तेव्हापासून माझं घर तेच.

मला लोकांच्या घरात डोकावायची खोड आहे, कबूल करतो. पण ज्याला रोज नवा शेजार मिळतो त्याला ही खोड लागणारच. आज नवरदेवाच्या मामाशेजारी, उद्या तेराव्याच्या पत्रिकेत, परवा तेंदूपानाच्या लिलावाच्या जाहिरातीत. लग्नपत्रिकेचं तर विचारू नका. बापूराव तिच्यात चार तऱ्हेचा टाइप घालतात. नवरदेव जाड, नवरी तिरकी, मामा वेलबुट्टीत. सगळे वऱ्हाडी एकदम बोलतात आणि लग्न किती वाजता आहे ते कुणाला सापडत नाही.

खिळे जुळवायचं काम मीराबाईचं. बाबूपेठेतून पायी यायची. शाळा सातवीपर्यंत, पण पान बघायची तिची एक रीत होती. प्रूफ हातभर लांब धरायचं आणि डोळे बारीक करायचे, इतके की अक्षरं दिसेनाशी व्हावीत. मग नुसतं काळं आणि पांढरं उरतं. “जिथी काळं थिजलं,” ती म्हणायची, “तिथी वाचणारा अडकंन.”

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भामरागडकडचे एक गुरुजी हाताने लिहिलेले कागद घेऊन आले. लेकराला हगवण लागली तर घरी काय करायचं, त्याचं छोटं पुस्तक छापायचं होतं. वाचणार कोण? जंगलातल्या गावांमधल्या बाया, ज्या वर्षा-दीड वर्षापूर्वी अक्षरं शिकल्या. पावसाळ्यात नद्या चढतात, रस्ता तुटतो, दवाखाना पलीकडे राहतो. म्हणून पुस्तक त्याच्या आधी गावात पोचलं पाहिजे.

मीराबाईनं पान मोकळं जुळवलं. एका ओळीत एकच काम. ‘मीठ’ संपलं की पुढं मी आणि माझे तीन जोडीदार. मी खुशीत होतो. पण पानं झाली बारा, आणि बापूरावांनी कागद कापून ठेवला होता आठ पानांचा.

“हे का हाय?” ते म्हणाले. “अर्धं पान पडीक! कागद का पडीक ठेवाले आणला?”

“भाऊ, वावराले बांधाचा धुरा ठेवता का नाई? धुरा नसला तं माणूस चालंन कुठून?”

“धानाच्या धुऱ्यावर मी तूर लावतो, मीराबाई. भरून टाका सारं. आठ पानांत बसवा.”

मालकाचा शब्द. मीराबाईच्या चिमट्यानं मला उचललं आणि खणात टाकलं. ओळींमध्ये बसवलेल्या शिशाच्या पट्ट्याही काढल्या, कडेचा समास करंगळीएवढा झाला. मजकूर एकाला एक लागून वाहायला लागला. ‘अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर’ इथं एक ओळ संपली. खालची ओळ सुरू झाली ती ‘मीठ, मूठभर साखर घालून ढवळा’ अशी.

प्रूफ तीनदा वाचलं गेलं. काना-मात्रा कुठं हललेली नव्हती, स्वल्पविराम जागेवर होता. चूक सापडणार कशी? गुरुजी, बापूराव, मीराबाई, वाचणाऱ्या तिघांनाही आधीपासून ठाऊक होतं की मीठ चिमूटभर असतं.

आणि मे महिन्यात नानाजीनं ती अर्धी बातमी आणली.

पुढचे आठ दिवस मीराबाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ‘क’ घ्यायला जायची आणि हात ‘फ’च्या खणात पडायचा. ते पान तिनं केसाच्या कडेला खोचून ठेवलं होतं, येता-जाता वाचायची. एकदा वाचता वाचता ओठ थांबले. ‘मीठ, मूठभर...’ तिथून पुढं तिला वाचवेना. नानाजी तर रोज काहीतरी जोडून आणायचा. “लोक म्हणून राह्यले, आता तिले खिळ्याले हात नाई लावू देणार.” बापूराव ऐकायचे आणि मशीनवर पाय द्यायचे. तो खडखडाट तिला जास्त लागत असावा.

नवव्या दिवशी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. ठेंगणी, कपाळावर गोंदण, पायांवर दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ. तिचं नाव सुकरी. भामरागडच्या पलीकडच्या गावातली, आरोग्याचं काम शिकलेली. फडक्यातून तिनं पुस्तक काढलं.

“हे पुस्तक करनारी कोन?”

नानाजीनं बोट दाखवलं. मीराबाईनं शाईचे हात पदराला पुसले. लेकराचं विचारायला तिचं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. “कोणतं पान?”

सुकरीनं ओळीवर बोट ठेवलं. “मीठ मूठभर. असाच हाय ना?”

“नाई बाई. चिमूटभर मीठ. अन् मूठभर साखर. मधे स्वल्पविराम हाय ना.”

“कोनता?”

“ही शेपटी.”

सुकरीनं पान नाकाजवळ नेलं. “मले वाटला मुंगी चिरडली.”

नानाजी फिस्सकन हसला. बापूरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

मग सुकरीनं एक हात वरच्या ओळींवर ठेवला, एक खालच्या. मधली एकच ओळ उघडी राहिली. “असा केला का समजते. पन माझे दोनी हात पुस्तकावर, मंग लेकरू कोन धरंन?”

बापूराव जवळ आले, ते पान हातात घेतलं, हातभर लांब धरलं आणि डोळे बारीक केले.

“पडीक नको म्हणलं, ते मीच म्हणलं,” ते म्हणाले. “मीराबाई, बारा पानं करा. कागद मी कापतो.”

मीराबाईनं पान नव्यानं मांडलं. मथळा तेवढा मोठा, बाकी सगळं एकाच टाइपात. ओळींची डावी कड सरळ, म्हणजे नजर परत आली की तिला तीच जागा सापडावी. समास असा की अंगठा ठेवला तरी अक्षर झाकू नये. ‘तीन बोटांची चिमूट मीठ’, आणि तिथं मी. खाली शिशाची पट्टी, आणि मग ‘एक मूठ साखर’. सुकरीच्या हातांनी जे झाकलं होतं, ते आता आम्ही कोऱ्या खिळ्यांनी धरलं होतं.

ओलं प्रूफ तिच्या हातात दिलं. तिनं ते डाव्या हातात धरलं, उजवा हात कमरेशी मोकळा ठेवला, जणू कडेवर कोणी बसलं आहे. एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. मीठ आलं आणि ती थांबली. श्वास घेतला. मग खाली उतरून मुठीवर गेली.

त्या थांबण्यात मी होतो. मला कुणी वाचलं असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

आता कुठं मीराबाईला धीर आला. “बाई, ते लेकरू...?”

सुकरीला आधी कळेचना. मग चेहरा उजळला. “लेकरू? आमच्याकडे म्हातारी आधी चाखते, मंग लेकराले देते. आजीनं चाखला, अन् थू करून माझ्या लुगड्यावर थुकली. ‘पोराले मासोळीवानी खारवतं का?’ म्हनाली. मंग मी दुसरा पानी केला. लेकरू आता बकऱ्यामागं धावते.”

मीराबाई स्टुलावर बसली. हसत होती की रडत होती, ते माझ्यासारख्या चौकशीखोरालाही सांगता येत नाही.

“पन ज्या घरी म्हातारी नाई,” सुकरी म्हणाली, “तिथे कोन चाखंन?”

नवी पुस्तकं ती सोबत घेऊनच गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नदी चढली आणि रस्ता तुटला.

काम झालं की खिळे सोडवून आपापल्या खणात परत टाकतात. ते पान मात्र मीराबाईनं सोडवलं नाही. सुतळीनं बांधून फळीवर ठेवलंय, पुन्हा छापायला लागेल म्हणून. त्यामुळं माझं हिंडणं बंद झालं. ना लग्नं, ना लिलाव. डावीकडं मीठ, एवढाच शेजार. करमत नाही कधी कधी, खोटं कशाला बोलू? पण तक्रार नाही. तुम्ही कधी काही छापलंत तर हौसेनं छापा, वेलबुट्टी घाला, मामाचं नाव जाड करा. फक्त मीठ संपतं तिथं मला उभं राहू द्या.

नानाजीची ती बातमी मात्र गल्लीत अजून फिरते. पुस्तक वापस आलं होतं, हे त्यातलं खरं. पाण्यात मूठभर मीठ पडलं होतं, हेही खरं. लेकरू गेलं, तेवढं खोटं ठरलं, आणि तेही आधी चाखणाऱ्या एका म्हातारीच्या जिभेमुळं.