ठळक रेघांचा चेहरा

धोंडाबाईंनी पिशवीतून फ्रेम काढली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

"परत आणलीत मावशी? काच तडकली का?" सुप्रियानं विचारलं.

"काचंला काय न्हाय झालं. चित्रबी झाक हाय. पर ह्यास्नी दिसलं न्हाय."

सुप्रियानं फ्रेम सरळ केली. भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर तिचा स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम व्हायचे, आणि फोटोवरून पेन्सिलनं काढल्यासारखी चित्रंही. फोनमधलं अ‍ॅप असलं चित्र मिनिटात करून देतं हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती फोटो स्क्रीनवर घेऊन एकेक रेघ स्वतः मारायची. या चित्रातली गालावरची मऊ सावली साधायला तिला दोन दिवस लागले होते.

लोक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येतात. ही कळस गावची बाई स्वतःचाच फोटो घेऊन आली होती, तोही पंधरा वर्षांपूर्वीचा, मुलाच्या लग्नातला. कशासाठी, ते सुप्रियानं विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"डोळ्याच्या मागं पडदा असतोय म्हनं, त्यो गेलाय ह्यांचा. सा वर्सं झाली. आपरेशन करूनबी यायचा न्हाय, म्हनला डाक्टर. कडंकडंनं दिसतंय, मधी समदं धुकं. मानसाचं त्वांड बरूबर त्या धुक्यात जातंय." धोंडाबाई स्वच्छ काचेवरून उगाच हात फिरवत राहिल्या. "क्यालेंडरची तारीख मातर वाचत्यात. मोठी, काळी असती न्हवं. मला वाटलं, माजं त्वांडबी तसंच काळ्या रेघंनी काढलं तर..."



"फ्रेम राहू द्या इथं," सुप्रिया म्हणाली. "रविवारी तात्यांना घेऊन या."

त्या दुपारी तिनं सावल्या पुसायला घेतल्या. केसांतली बारीक कलाकुसर गेली, साडीच्या चुण्या गेल्या, गालही गेला. उरलं ते कुठल्याही बाईचं तोंड झालं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरातला जुना चष्मा आणून तिनं त्याच्या काचांना मधोमध व्हॅसलीन फासलं. प्रत्येक प्रिंट भिंतीला लावायची, चष्मा चढवायचा आणि दारातून बघायचं. चौथ्या दिवशी तिला कळलं की धोंडाबाईंची डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर आहे, आणि खालचा ओठ आत दाबलेला आहे. त्या दोन रेघा तिनं बोटाएवढ्या जाड केल्या. मग धुक्याच्या कडेला कुणीतरी ओळखीचं उभं राहिलं.

रविवारी दोघं आली. रावजीतात्या उंच, पांढऱ्या टोपीचे. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढले. सुप्रियानं त्यांना खुर्ची दिली आणि चित्र हातात ठेवलं. तात्यांनी तोंड दाराकडं फिरवलं. त्यांना बघायचंच नाही, असं तिला वाटलं.

"असंच बघत्यात," धोंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कडंनं."

तात्यांनी कागद थोडा जवळ घेतला, थोडा लांब धरला.

"ही आपल्या अविराजच्या लग्नातली," ते म्हणाले. "नथ टोचत हुती तिला. दिसभर व्हट दाबून बसली हुती."

चित्रात नथ नव्हती. ती सावल्यांबरोबरच पुसली गेली होती. धोंडाबाईंनी सुप्रियाकडं पाहिलं.   सुप्रिया गुंडाळायचा कागद शोधायला वळली.

तात्यांनी चित्र मात्र सोडलं नाही.

"पोरी, आत्ताची काढता येती का?"

"आत्ताची काय बगायची?" धोंडाबाई गडबडल्या. "क्यास पांडरं झालं, दात गेलं. हीच बरी हाय."

"हिला मी वळकतो," तात्या म्हणाले. "रोज भाकरी वाढती ती कशी दिसती, मला ठावं न्हाय."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली.  मग सुप्रियानं स्टूल उचलून खिडकीशी ठेवलं.

धोंडाबाई बसल्या, पण कॅमेरा वर झाला की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

"माझ्याकडं नका बघू मावशी. तात्यांकडं बघा."

चौथ्यांदा फोटो जमला.

दोघांना चहा देऊन सुप्रिया कामाला बसली. या वेळी रेघा शोधाव्या लागल्या नाहीत. त्या चेहऱ्यावर होत्याच. कपाळावर तीन, नाकापासून ओठांपर्यंत दोन, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून फाकलेल्या कितीतरी. गालाच्या खळग्यापाशी मात्र तिचा हात सवयीनं आखडला. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचं असलं सगळं ती न सांगताच भरून काढायची. पेन स्क्रीनवर टेकवून ती क्षणभर थांबली. मग तिनं ती रेघ जेवढी होती तेवढी, जबड्यापर्यंत ओढली.

नवं चित्र हातात आल्यावर तात्यांनी ते पुन्हा जवळ घेतलं, लांब धरलं. तोंड दाराकडं, चित्र खिडकीच्या उजेडात. मग त्यांनी कपाळावरच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते टोकापर्यंत नेलं.

"ही कवा पडली?"

"कुनाला ठावं. पडत्यात."

बोट खाली आलं. डोळ्याच्या कोपऱ्यात थांबलं, गालाच्या खळग्यात उतरलं आणि हनुवटीवर येऊन टेकलं. तिथून ते हललं नाही. तात्या बघत राहिले.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या धोंडाबाईंनी हळूच पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.