सोन्यावरून साबुदाण्यावर

मित्रांनो, हसू नका! मी एक जुना सोनाराचा काटा आहे, आणि या क्षणी माझ्या पारड्यात उकडलेला बटाटा बसला आहे.

माझी तरुणपणीची वर्षं नाशिकच्या सराफ बाजारात गेली. नथी, पाटल्या, बोरमाळा! कुणी नुसतं शिंकलं तरी माझी पारडी डुलायची, म्हणून सराफ माझ्यासमोर पंखासुद्धा लावत नसे. मग नवा काटा आला आणि मी जुन्या बाजारात गेलो. तिथून मला खंडेरावांनी घरी आणलं. वाटलं, घरात बरंच सोनं असणार! तर लताबाईंनी माझ्यात साबुदाणा ओतला. अरे देवा!

त्यांच्या मुलीला, चांगुणाला, फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा आजार. तो मुंबईच्या डॉक्टरांनी ती तान्ही असतानाच ओळखला. डाळ, दूध, शेंगदाणे यांतला एक भाग तिला पचत नाही. तो अंगात साठतो आणि मेंदूला त्रास देतो. म्हणून भात, बटाटा, साबुदाणा, सगळं तोलून. शिवाय डाळ-दुधाच्या जागी परदेशातून येणारी पावडर, जिच्या वासाने मांजर घर सोडायचं. पण पोर भलती हुशार! पाढ्यांच्या स्पर्धेत एकोणतीसचा पाढा म्हणायला शाळेने तिलाच निवडलं.

तेवढ्यात श्रावण आला. शेजारच्या नवसाबाई वणीकडच्या. चांगुणाच्या ताटात रोज साबुदाणा पाहून त्या हरखल्या. "लय पुण्यवान पोर! महिनाभर उपास धरलाय, अन् आईबाप नुसता फिका साबुदाणा चारत्यात!"

झालं! रोज खिडकीतून खिचडी येऊ लागली. दाण्याचं कूट इतकं, की साबुदाणा शोधावा लागे. वर दह्याची वाटी. चांगुणा गुपचूप चाटूनपुसून खायची. मी सगळं पाहत होतो, पण काट्याला कुठलं तोंड!

हळूहळू पोरीचं चित्त उडालं. दोनपैकी एकच वेणी घालून शाळेत निघायची. "एकोणतीस त्रिक..." म्हणायची आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायची. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, "तिच्याऐवजी दुसऱ्या मुलीला उभं करू का?"

खंडेराव माझ्यावरच उखडले. "हा काटाच खोटा! पोरीच्या ताटात जास्त जातंय. उद्या भंगारात देतो."

मी? खोटा? सराफ बाजारातला?

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. खिडकी बंद, म्हणून नवसाबाई दारातून आल्या. "घे गं चांगुणे, आज कूट जास्त घातलंय."

"कसलं कूट?" लताबाई ओरडल्या.

"उपासाचं!"

"अहो, तिला उपास नाही. तिचं जेवणच ते आहे! दाणे तिला विषासारखे!"

"आत्ता गं बया!" नवसाबाईंनी खिचडीचं भांडं पदराखाली ओढलं.

चांगुणा रडायला लागली. "आई, डोक्यात कापूस भरल्यासारखं होतंय गं."

त्या दिवसापासून माझ्याशिवाय तिच्या ताटात शीतही पडलं नाही. काही आठवड्यांनी कापूस निघाला. स्पर्धेत तिने एकोणतीसचा पाढा असा म्हटला, की श्वास घ्यायची आठवण बाईंनी करून दिली. नवसाबाई तर मध्येच नारळ फोडायला उठल्या!

मित्रांनो, जुना काटा दिसला तर त्याला लगेच खोटा म्हणू नका. आणि कुणी मोजून जेवत असेल, तर माया वाढण्याआधी एकदा विचारा.

दसऱ्याला विळीशेजारी मलाही हळदकुंकू लागलं. चांगुणाने माझ्यात आपट्याचं पान ठेवलं. किती वर्षांनी सोनं! पान ते केवढं, पण माझं पारडं खाली टेकलं. आणि मी खोटं तोलत नाही!