चेंडू माझ्याकडे आलाच नव्हता

मित्रांनो, मी गोलरक्षकाचा एक जुना हातमोजा आहे, जोडीतला डावा. ट्युनिशियातल्या स्फॅक्स बंदरात, तिजानीकाकांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या ऑक्टोपसांच्या रांगेत मी लटकतो आहे.

तिजानीकाका गोलरक्षकांचे प्रशिक्षक. मला कोमट पाण्यात धुवायचे, थुंकी चोळून तळवा ओला ठेवायचा, हे त्यांनीच आमच्या संघाचा गोलरक्षक वजदी याला शिकवले. शिवाय एक युक्ती दिली. पेनल्टीच्या वेळी मला थोडे खाली सोडायचे. डावी बाजू मोकळी दिसते, मारणारा तिकडेच मारतो आणि वजदी आधीच तिकडे झेपावलेला असतो. या युक्तीवर आमचा मासेमार वस्तीतला संघ वरच्या गटात टिकून होता. म्हाताऱ्या कोळ्यांनी माझे मुके घेतलेले मला आठवतात.

मग वजदीला फोनचे वेड लागले. सराव कमी, चित्रीकरण फार. माझ्या जाड बोटांनी पडदा सरकत नसे, म्हणून तो मला बाकावर भिरकावी.

हंगामाचा शेवटचा सामना तोंडावर आला. हरलो तर खालचा गट. आणि त्याच आठवड्यात या शहाण्याने ती युक्ती फोनवरून साऱ्या जगाला करून दाखवली.

"बघा, हा हात असा सोडला की समोरचा गाढव फसलाच!"

लोकांनी लाल बदामांचा पाऊस पाडला. काका मात्र कपाळ बडवून घेत होते.

"अरे मूर्खा, समोरच्या गाढवाकडे फोन नाही वाटतं?"

"काका, तुम्ही जुन्या जमान्यातले. लोक खूश आहेत ना!"

सामन्याच्या अखेरीला पेनल्टी मिळाली ती समोरच्या संघाला. आम्हाला बरोबरीसुद्धा पुरली असती. वजदीने सवयीने मला खाली सोडले. मारणाऱ्याने माझ्याकडे पाहिले, चक्क हसला, आणि चेंडू वजदीच्या उजवीकडे घातला. आम्ही डावीकडे तोंडघशी पडलो. संघ खालच्या गटात गेला.

बदाम देणाऱ्यांनीच मग वजदीच्या आईच्या नावाने घाण लिहिली. ती बिचारी एकेक वाचत बसली. थू त्या प्रेमावर! आणि आमचा वीर? त्याने मला फोनसमोर धरले. "हा मोजा गुळगुळीत झालाय. चेंडू यातूनच निसटला." पुन्हा बदाम! चेंडू डावीकडे आलाच कधी होता, असे एकालाही विचारावेसे वाटले नाही.

कचऱ्यातून मला काकांनी उचलले. नव्या हंगामात संघाने दुसरा गोलरक्षक उभा केला, तेव्हा वजदी या गच्चीवर येऊन रडला.

"काका, एखादी नवी युक्ती द्या. माझी जागा गेली हो."

काकांचे डोळे भरले. ते मला हातात चढवू लागले, तोच त्यांना ऑक्टोपसांच्या आड उभा करून ठेवलेला फोन दिसला.

"हे काय रे?"

"काही नाही काका. 'पुन्हा गुरूच्या पायाशी' म्हणून टाकतो. लोकांना आवडेल."

काकांनी मला उतरवले आणि परत दोरीला अडकवले.

"जा बाळा. तुझ्या लोकांनाच विचार."

मित्रांनो, हातमोजे जपा, आणि त्यांच्या आतली मूठही जपा. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. वजदीने ती बदामांपायी उघडली. माझे इथे बरे चालले आहे. शेजाऱ्यांना आठ-आठ हात आहेत, पण एकाही हातात फोन नाही.