एकुलती एक शिडी

सरकारी विमान कंपनीवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशावरून किंवा सासरमाहेरावरूनही झाली नसतील. मी त्याच कंपनीत गेटवर आहे. म्हणजे प्रवाशांना तपासून विमानात सोडायचं आणि शेवटी दार लावायचा इशारा द्यायचा, हे माझं काम. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. आमची कंपनी बुडायला आलेली, सरकारने पैसे घालून ती वाचवावी की नाही हे ठरवायला समिती नेमलेली. टीव्हीवर ही बातमी लागली की हा हातातली काच पुसत सुरू व्हायचा.

"माझं दुकान बुडालं तर येतं का कोणी वाचवायला? पांढरा हत्ती आहे तुमचा. आणि चारा आमच्या खिशातून."

"डोंगरापलीकडच्या गावांना औषधं कोण नेतं रे? तुझी ती लाडकी खासगी कंपनी? जिथे फायदा नाही तिथे ती फिरकत नाही. आम्ही जातो, म्हणून तोट्यात आहोत."

"आणि उशिरा जाता, म्हणूनसुद्धा."

मग मी भांडी जरा जोरात आपटायचे.

त्यात लेकीची मुलाखत आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात एकच जागा निघाली होती आणि तिच्यासाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. मुलाखत सकाळची. पोरीने गुपचूप खासगी कंपनीचं तिकीट काढून ठेवलेलं. मला आदल्या दिवशी कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई मोर्चात घसा फोडते, कंपनी वाचवा म्हणून. आणि लेक दुसऱ्यांच्या विमानात? गेटवरची माणसं शेण घालतील माझ्या तोंडात."

"आई, माझी मुलाखत आहे. तुझा मोर्चा नाही."

"आपलं विमान त्यांच्या अर्धा तास आधी सुटतं. सकाळची पाळी माझी आहे. मी स्वतः दार लावते, बघ वेळेवर सुटतं की नाही."

मग तिने ते तिकीट रद्द करून आमचं काढलं. बाप म्हणाला, "बघ हं, शब्द दिलायस." जणू मी शब्द देऊन विसरणाऱ्यांतली आहे.

सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे आमच्याकडे जेवढं चालतं तेवढं. प्रवासी बसले, सामान चढलं, लेक खिडकीजवळ बसली. मी इशारा देणार तेवढ्यात आमचे मॅनेजर साहेब धावत आले. टाय खांद्यावर, तोंडचं पाणी पळालेलं.

"बाई, थांबा! समितीचे अध्यक्ष याच विमानाने जाणार आहेत. निघालेत घरून. थोडा वेळ थांबायचं."

आता ही आमची जुनी खोड. मोठा माणूस यायचा असला की विमान थांबवायचं. मंत्री, मंत्र्याचा मेहुणा, मेहुण्याचा व्याही, कोणीही. लेखी हुकूम कधीच नसतो. मॅनेजर येऊन गेटपाशी उभे राहतात आणि आम्ही माईकवर सांगतो, 'तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे.' तांत्रिक कारण घरी नाश्ता उरकून आलं की विमान सुटतं. मीही हे वर्षानुवर्षं माईकवर सांगत आले आहे, तेही गोड आवाजात.

"नाही थांबवणार," मी म्हणाले.

"अहो, आपलं भवितव्य त्यांच्या हातात आहे!"

"मग ते हात घेऊन वेळेवर यायला काय झालं होतं?"

आणि मी इशारा दिला. लेकीसाठी दिला का? दिलाच. पण घड्याळ काही माझ्या लेकीचं नव्हतं, कंपनीचंच होतं. दार लागलं, विमान हललं, आणि मॅनेजर साहेबांनी खाली बसून कपाळाला हात लावला.

अध्यक्ष आले तेव्हा विमान हवेत होतं. चिडून लालबुंद झाले होते. साहेब त्यांना घेऊन शेजारच्या खासगी काउंटरवर धावले, मीही मागे गेले. तिथली मुलगी म्हणाली, "भरलंय हो विमान. काल रात्री एक तिकीट रद्द झालं, तेवढी एकच जागा आहे. खिडकीची."

ती जागा कोणाची, ते मला ऐकताक्षणी कळलं. अध्यक्ष माझ्या लेकीच्या जागेवर बसून गेले.

साहेब परत येऊन एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. चौकशी लागेल."

लेक वेळेवर पोचत होती, बाकी काय व्हायचं ते होवो. तिचा फोनही आला, "आई, उतरलो! वेळेच्या आधी!" मला इतका आनंद झाला की मी ते साहेबांनाही सांगितलं.

थोड्या वेळाने परत फोन. "आई, दार उघडत नाहीयेत. शिडी नाहीये म्हणतात."

हे मला समजलं. विमानतळाचं भाडं थकल्यापासून राजधानीत आमच्या विमानाला इमारतीचा पूल मिळत नाही, लांब मैदानात उभं करतात आणि शिडीने उतरवतात. शिड्या मात्र आमच्याच. पूल रिकामा नसला की इतर कंपन्यांची विमानंही तिथेच थांबतात, त्यांनाही आम्ही त्या भाड्याने देतो. पण टायर नाहीत म्हणून बाकीच्या पडून, चालू अशी एकच.

"येईल गं, एकच आहे ना, कुठेतरी लावली असेल."

"नाही आई. मला दिसतेय ती. समोरच उभी आहे, रिकामी. तिच्याजवळ आपली माणसं फुलं घेऊन उभी आहेत. पण आणत नाहीत."

मी तिथल्या आमच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मॅनेजर साहेबांचा निरोप आलाय. अध्यक्ष रागावून दुसऱ्या विमानाने येतायत. शिडी त्यांच्यासाठी राखून ठेवा, उतरताना आपलीच माणसं समोर दिसली पाहिजेत."

"अरे, पण विमानात दीडशे माणसं कोंडलीयेत!"

"ती काय, आपलीच आहेत. सांभाळून घेतील."

मी ओरडले, रडले, साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. ते फोन कानाला लावून पाठ फिरवून उभे राहिले. तिकडे खासगी विमान उतरलं. आमची शिडी त्याला लागली. लेकीने खिडकीतून पाहिलं, अध्यक्ष सगळ्यांत आधी खाली आले, त्यांच्या हातात फुलं दिली, फोटो निघाले. मग मागची माणसं आरामात उतरली. ते तिकीट असतं तर त्यांच्यात लेकही असती. ती सगळी उतरल्यावर शिडी आमच्या विमानाकडे आली.

रुग्णालयात ती धावत पोचली तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. दारावरच्या माणसाने सांगितलं, नाव तीनदा पुकारलं होतं.

ती परतीच्या तिकिटावर आमच्याच विमानाने आली. ते उशिरा सुटलं, हे वेगळं सांगायला नको. घरात शिरली, चपला काढल्या आणि जेवायला बसली. मी वाढत होते, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. नवरा नुसता काच पुसत बसला होता. तो टोमणा मारता तर बरं वाटलं असतं.

टीव्हीवर अध्यक्ष आले. हसत होते.

"आज सकाळी माझं विमान चुकलं," ते म्हणाले. "मला दुसऱ्या कंपनीने यावं लागलं. पण पाहतो तर काय, आपल्या कंपनीची माणसं, पगार थकलेले असताना, परक्या विमानापाशी शिडी लावून मला उतरवून घ्यायला उभी! अशी निष्ठा विकत मिळत नाही. ही कंपनी वाचलीच पाहिजे. तशी शिफारस मी आजच केली आहे."

नवऱ्याच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं. "वाचली की गं तुझी कंपनी," तो म्हणाला. चिडवत नव्हता, खरंच आश्चर्याने म्हणाला.

माझा फोन वाजला. मॅनेजर साहेब. "बाई, जिंकलो! शिडीचं डोकं कोणाचं, सांगा बरं! आणि ती चौकशीबिकशी सोडा, उद्या वेळेवर या."

मागून टाळ्या वाजत होत्या, कोणीतरी शिट्टीही मारत होतं. इतकी वर्षं मी याच बातमीसाठी उन्हात उभी राहून घोषणा दिल्या होत्या. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मला आनंद झाला नाही. मला त्या टीव्हीवर पातेलं फेकून मारावंसं वाटत होतं.

लेकीने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. मग हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पैसे मिळणार ना आता?"

"मिळतील."

"मग आधी आणखी एक शिडी घ्यायला सांग," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.