अमावास्येचं ऑइल

अमावास्येला नाचिमुत्तूच्या दारात बल्कर, म्हणजे सुटं सिमेंट वाहणारी त्याची टाकीची लॉरी, उभा राहायचा म्हणजे राहायचा. सिमेंटच्या कारखान्यातून कितीही फोन येवोत, संकगिरीतले बाकीचे लॉरीमालक कितीही दात काढोत, त्या दिवशी गाडी रस्त्यावर नाही. सकाळीच ड्रायव्हर सेंगोडन गाडीखाली शिरायचा, काळं ऑइल पातेल्यात सोडायचा, फिल्टर बदलायचा, हवेच्या फिल्टरमध्ये बसलेली सिमेंटची पूड झटकायचा. मग आंघोळ, गाडीला गंध, चाकांखाली लिंबं, आणि शेवटी कुंकू भरलेला कोहळा ओवाळून फाडकन रस्त्यावर. एवढं होईस्तोवर गड्याच्या पोटात पाण्याचा थेंब नसायचा. अमावास्येला गेलेल्या आईबापांच्या नावानं भिंतीवर भात ठेवायचा, कावळ्यानं चोच लावली की मग आपण जेवायचं, असा तिकडचा नेम. सेंगोडन तो इतका कडक पाळायचा की एकदा कावळाच येईना, तर दुपार कलली तरी हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. "या की रे मेल्यांनो, माझं माणूस उपाशी मरतंय!" असं नाचिमुत्तूची बायको पावायी अंगणात उभी राहून आभाळाकडे ओरडत होती.

माझं माणूस म्हणाली ती, ड्रायव्हर नाही म्हणाली. सेंगोडन वीस वर्षं त्या घरची गाडी चालवत होता. वयानं मोठा, म्हणून नाचिमुत्तू त्याला अण्णा म्हणायचा. आणि तो मालकाला तंबी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. चारचौघांत सुनवायचासुद्धा, "तंबी, डोकं घरी ठेवून आलास का रे?" नाचिमुत्तू हसायचा. बाप लवकर गेला होता त्याचा, घरात रागावणारं कुणीतरी लागतंच की माणसाला.

मग जुनी गाडी विकली आणि नवी कोरी आली. थंड हवेची केबिन, गुबगुबीत सीट. विकणाऱ्यानं छाती ठोकून सांगितलं, चाळीस हजार किलोमीटरपर्यंत ऑइलकडे बघूसुद्धा नका. नाचिमुत्तूनं मनातल्या मनात हिशेब मांडला. आपल्या फेऱ्या जवळजवळच्या, महिन्याला फार तर तीन-साडेतीन हजार. म्हणजे वर्षभर हात लावायला नको! त्याला इतका आनंद झाला, जसं काही इंजिन ह्यानंच बनवलंय.

"अण्णा, आता अमावास्येला नुसती पूजा," तो चहाच्या टपरीवर म्हणाला. "पूजा करायची आणि दहाला गाडी बाहेर काढायची. ऑइल वर्षानं."

सेंगोडननं ग्लास तोंडापासून खाली घेतला. "वर्षानं? तंबी, ही गाडी फिरते कमी आणि उभी राहते जास्त. पण उभी असते तेव्हा झोपते का ती? माल उतरवताना सिमेंट हवेच्या दाबानं वर चढवायचं, तर तो कंप्रेसर इंजिनावरच चालतो. दोन-दोन तास नुसती घों घों. किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही आणि इंजिन आत भाजून निघतंय. वर ती पूड नाकातोंडात."

"कंपनीवाले काय येडे आहेत?"

"ते शहाणेच आहेत रे. पण त्यांनी पळणाऱ्या गाडीचा हिशेब सांगितला. आपली बसून राबते."

खरं तर बोलणं इथंच थांबायचं. पण टपरीवर अजून चार मालक बसले होते. त्यातला एक मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "काय नाचिमुत्तू, गाडी तुझी का अण्णाची? नक्की कळू दे बाबा एकदा."

झालं. लागली आग बुडाला. नाचिमुत्तू त्या हसणाऱ्याला काही बोलला नाही, बोलला कुणाला, तर अण्णाला. "अण्णा, दर अमावास्येला ऑइलच्या दुकानातून तुला काय सुटतं, तेवढं सांगून टाक. तेवढं मीच देत जाईन, मग तर झालं?"

सगळे खो खो हसले. नाचिमुत्तूही हसला, आणि हसता हसताच त्याला कळलं की आपण शेण खाल्लं. सेंगोडननं अर्धा चहा तसाच बाकावर ठेवला. अंगावरचा पंचा झटकला.

"गाडी तुमची आहे, मालक," तो म्हणाला.

तुमची. मालक. वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी कळलं तेव्हा पावायीनं हातातली पळी आपटली. "जीभ आहे का कोयता? ज्यानं तुमची पै इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याला चोर म्हणालात? जा, आत्ताच्या आत्ता जा आणि पाय धरा."

"उद्या बोलतो," नाचिमुत्तू म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. रोज सकाळी किल्ली देताना शब्द ओठावर यायचे, आणि रोज वाटायचं, मालकानं ड्रायव्हरपुढे वाकायचं म्हणजे गावात काय पत राहील? अण्णाच येईल वळणावर. अण्णा वळणावर आला नाही, की वाकडंही बोलला नाही. 'होय मालक', 'निघतो मालक', एवढंच. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत त्यानं गाडी जपून चालवली आणि मग एका सकाळी किल्ली हळदकुंकवाच्या तबकात ठेवून तो तिरुचेंगोडला दुसऱ्या मालकाकडे निघून गेला.

नवा ड्रायव्हर वडिवेल आज्ञाधारक होता. ऑइलचं नावही काढत नव्हता. मालकाला हवं होतं तसंच सगळं झालं.

पोंगलच्या सुमाराला होसूरला एका बांधकामावर सिमेंट उतरवताना इंजिनात खडखड सुरू झाली, तव्यावर खडे टाकल्यागत. वडिवेल केबिनकडे धावेपर्यंत इंजिन जाम. गाडी ओढून संकगिरीला कादरभाईच्या गॅरेजात आणली. भाईनं खालचं चेंबर उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते नाचिमुत्तूच्या नाकासमोर धरलं.

"हे ऑइल आहे का काजळ? बेअरिंगचा भुगा झालाय, क्रँक खरवडलाय. किती फिरलीय?"

"बावीस हजारच," नाचिमुत्तू कसाबसा म्हणाला.

"ते काट्यावरचं. आणि उभ्या उभ्या राबली, ते कुणाच्या बापानं मोजलं?"

गाडी दोन महिने गॅरेजात पडून राहिली. नाचिमुत्तू रोज तिथं जाऊन बसायचा. इंजिन बसवून झालं तेव्हा तो भाईला म्हणाला, "आता दर अमावास्येला ऑइल. चुकायचं नाही."

"इतकं नको," कादरभाई हात पुसत म्हणाला. "हल्लीचं ऑइल बरं असतं. एका अमावास्येआड बदल, बास. तुझं वर्षही चूक आणि अण्णाचा महिनाही जरा जास्तच. दोघं बसून बोलला असतात तर मधे कुठंतरी जमलं असतं."

हे नाचिमुत्तूला फार लागलं. इंजिन गेलं त्याचं एवढं वाटलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून! एक अमावास्या सोडून एक म्हटलं असतं, तर अण्णा दोन शिव्या देऊन कबूल झाला असता. तो पुढे हट्टानं म्हणाला, "नाही, दर अमावास्येलाच बदलणार."

"बदल बाबा. पण ऑइल बदलून अण्णा परत येतोय होय?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी नाचिमुत्तू तिरुचेंगोडला गेला. सेंगोडन दारातच खाटेवर बसला होता. त्यानं उठून जागा दिली, पाणी दिलं. नाचिमुत्तूनं मान खाली घालून सगळं सांगितलं आणि म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी मी जे बोललो, ते... माझी जीभ सडली होती. मला माफ कर."

"त्याचं काय धरून बसायचं, मालक? बोलण्याच्या भरात होतं असं."

"उद्या कोहळा तू फोड. तुझ्या हातानं गाडी बाहेर पडू दे."

"येईन की," सेंगोडन म्हणाला.

आणि खरंच आला. गाडीखाली शिरला, ऑइल उतरवलं, बोटांवर चोळून बघितलं, वडिवेलला हवेचा फिल्टर कसा झटकायचा ते दाखवलं. आंघोळ करून गंध लावलं, लिंबं ठेवली. कोहळा असा फोडला की तुकडे पार वळणापर्यंत गेले. पावायीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसत पुसत ती हसत होती. तिनं पहाटेपासून चूल सोडली नव्हती. भिंतीवर भात ठेवला, ओसरीत केळीचं पान मांडलं; वडा, पायसम, शेवग्याचं सांबार, सगळं अण्णाच्या आवडीचं.

"बसा अण्णा," ती म्हणाली. "कावळा आला की वाढतेच."

सेंगोडननं पंचा खांद्यावर टाकला. "नको ताई. मी जेवून आलोय."

पावायीच्या हातातली पळी तशीच राहिली. नाचिमुत्तूनं अण्णाकडे बघितलं, अण्णा चपला घालत होता.

"येतो, मालक. गाडी जपा," एवढं म्हणून तो आपल्या मोपेडवर बसला आणि निघून गेला.

नाचिमुत्तू कितीतरी वेळ त्या रिकाम्या पानाशी उभा होता. भिंतीवरचा भात तसाच होता, कावळा अजून यायचा होता.