कूस बदलताना

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. भरदुपारी, ओढलेल्या पडद्यांआड झोपलेल्या नर्सचे डोळे खाडकन उघडले. रात्रपाळीनंतर कसाबसा डोळा लागला होता, तोही गेला.

"उठवलंस ना आईला?" सासूबाई दबक्या आवाजात नातीवर ओरडल्या. "हात आहेत की चाळणी?"

पलंगावर ती कूस बदलायला गेली, तर कमरेत अशी कळ आली की श्वासच अडकला. पहाटे वॉर्डातल्या जाड्या आजोबांना उशीकडे वर सरकवताना काहीतरी लचकलं होतं, तेव्हा लक्ष द्यायला वेळ कुठे होता! आता पाठ धरली. संध्याकाळी पाळीवर जायचं कसं? वॉर्डात रात्रीच्या दोघीच. जोडीदारीण परवाच म्हणाली होती, "तू आजारी पडून दांडी मारलीस तर तुझे पेशंटही मीच उचलायचे. मग आपल्यालाच द्या म्हणावं शेजारशेजारचे बेड!"

दारातून लेक डोकावली. पाच वर्षांची, चेहरा अपराधी.

"आई, झोप ना परत."

"वळताच येत नाहीये गं. आजीला बोलाव."

"आजी कशाला?" पोरगी पलंगावर चढली, गुडघ्यांवर बसली. "हं आजोबा, घाबरायचं नाही. हात छातीवर. तो गुडघा वर. माझ्याकडे बघा."

बाहुलीला पेशंट आजोबा करून खेळताना आईने सहज दाखवलेलं, शब्दन् शब्द तसंच. हसू आलं, पण हसलं की कळ. तिने मुकाट्याने गुडघा वर घेतला. एक चिमुकला हात पलीकडच्या खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर.

"एक, दोन, तीन!"

आणि ती वळली. जड दार बिजागरीवर फिरावं तशी, अलगद. कळ आलीच नाही.

ती थक्क होऊन पडून राहिली. इतकी वर्षं दुसऱ्यांना वळवलं, पण हे खालून कसं वाटतं ते तिला ठाऊकच नव्हतं. सगळं अंग कुणाच्या तरी तळहातांवर सोपवायचं, आणि त्या एवढ्याशा हातांनी ते पेलायचं! वळवल्यावर म्हातारी माणसं डोळे का मिटून घेतात, ते आत्ता उमगलं. तिचेही मिटले.

लेकीने पाठीशी उशी खोचली. "नाहीतर पेशंट परत मागे येतात," ती स्वतःशीच पुटपुटली.

झोप पापण्यांवर उतरत होती. संध्याकाळी उठता येईल, नक्की येईल. पाठीवर थोपटणारा छोटा हात थांबला.

"आई, उद्या मी शाळेत असले की तुला कोण वळवणार?"